रिकाम्या डबीचं रीडिंग

मेलेल्या निवटीचं कातडं पुढे आठ-नऊ तास जिवंत असतं, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी तलासरीच्या कॉलेजातल्या एका मागच्या खोलीत कळलं. डहाणूला आमच्या घरी आईला ते कधीपासूनच ठाऊक होतं. तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

निवटी म्हणजे खाजणातल्या चिखलात राहणारा बोटभर मासा. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. ओहोटीला बाकीचे मासे पाण्याबरोबर निघून जातात आणि ही चिखलावरच बसून राहते, परांवर सरपटते, उड्या मारते. अंग ओलं असलं की कातड्यातूनसुद्धा श्वास घेते. आमच्याकडे तिचं कालवण करतात, आणि ते एकदा खाल्लेला माणूस पापलेटला नावं ठेवायला लागतो. बाबा आयुष्यभर बोटीवर खलाशी होते. पन्नाशीत दम लागायला लागला, बोट सुटली, तेव्हापासून ते खाजणात उतरून निवट्या पकडायचे. बिळात कोपरापर्यंत हात घालायचा आणि बोटांना काय लागतं त्यावरून ओळखायचं, निवटी की चिंबोरी की साप. त्या निवट्या आई बाजारात विकायची आणि उरलेल्या वेळात अंगणात बोंबील सुकवायची. मी त्यांची एकुलती एक. प्राणिशास्त्र शिकले, कॉलेजात शिकवायला लागले, आणि पीएच.डी.ला विषय घेतला तो निवटीच्या कातड्यातल्या विजेचा. आईने तो ऐकला तेव्हा तिने एवढंच विचारलं, की खायची नसेल तर मारतेस कशाला. याचं उत्तर मी प्रबंधातही नीट लिहू शकलेले नाही.

काम सांगायला सोपं आहे. निवटीच्या कल्ल्यावर झाकण असतं, त्याच्या आतल्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ कातडं असतं. ते अलगद सोडवून घ्यायचं. ॲक्रिलिकच्या डबीचे दोन भाग असतात, मध्ये नखाएवढं भोक. त्या भोकावर कातडं ताणून बसवायचं, दोन्ही बाजूंना सारखंच खारं पाणी भरायचं, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि दोन्हीकडे एकेक इलेक्ट्रोड लावायचा. आता पाणी तेच, मीठ तेवढंच, तरी व्होल्टमीटर शून्यावर राहत नाही. पंधरा मिलीव्होल्ट, अठरा, कधी वीस. कातड्यातल्या पेशी या बाजूचं मीठ त्या बाजूला उपसत असतात, त्याचा हा आकडा. मासा मेलेला आहे, डोकं ताटलीत आहे, धड कचऱ्याच्या पिशवीत आहे, आणि नखाएवढं कातडं आपलं काम करत बसलंय. मासा मेल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट मोजायची ती रोध. थोडासा करंट सोडायचा आणि कातडं त्याला किती अडवतं ते बघायचं. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असल्या की रोध जास्त येतो. संध्याकाळी कातडं मरायला लागतं तेव्हा आधी रोध उतरतो, व्होल्टेज नंतर. म्हणजे पेशी आधी एकमेकींना सोडतात आणि मग मरतात. हे वाक्य मी वर्गात फार सहज बोलायचे. आता ते शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आलेख काढते आणि मुलांना तो उतरवून घ्यायला सांगते.

माझे सर उंबरगावकडचे, अर्धं गुजराती आणि अर्धं मराठी बोलणारे. स्वभावाने लोण्यासारखे, पण एका बाबतीत ते कुणाचं काही ऐकायचे नाहीत. सकाळी कातडं बसवायच्या आधी रिकामी डबी मोजलीच पाहिजे. ‘पहेलां खाली जो, पछी भरेलुं,’ ते म्हणायचे. आधी रिकामं बघ, मग भरलेलं. डबीत कातडं नसताना, नुसतं खारं पाणी असताना मीटर दोन-अडीच मिलीव्होल्ट दाखवतोच. तो इलेक्ट्रोडचा दोष. वापरून वापरून दोघांमध्ये फरक पडतो. रिकाम्यात जेवढं दिसलं तेवढं मग दिवसभराच्या आकड्यातून वजा करायचं. पहिल्या दिवशी मी एकटीच त्या खोलीत बसून रिकाम्या डबीकडे बघत होते. बुडबुड्यांचा आवाज, बाहेर हायवेवरून गुजरातकडे जाणारे ट्रक, आणि काहीच नसलेल्या भोकातून येणारा तो आकडा. मला ते आवडलं नाही. सरांना सांगितलं असतं तर ते हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

माझी पहिली चूक मात्र साऱ्या कॉलेजला कळली. बाबांनी दिलेल्या बारा निवट्या मी बादलीभर पाण्यात ठेवल्या, वर जाळी बांधली आणि घरी गेले. मासा आहे, पाण्यात ठेवायचा, त्यात विचार कसला करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा तळाशी होत्या. वर येऊन श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून बुडून मेल्या होत्या. मच्छीमाराच्या घरातली मुलगी, वर एम.एस्सी., आणि मी मासे पाण्यात बुडवून मारले. स्टाफरूममध्ये महिनाभर मला त्यावरून छळलं गेलं. मला वाटलं होतं तसं आईला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती डबा स्वतः भरून द्यायला लागली. तळाला ओलं गोणपाट, त्यावर मूठभर चिखल, त्यात निवट्या, वर भोकं पाडलेलं झाकण. आणि भरताना एकेकीवर ती तळहात ठेवायची.

‘ही दुपारपर्यंत,’ ती म्हणायची. ‘ही दिवे लागंपर्यंत.’

आईच्या त्या तळहाताला बाजारात मान होता. मासळी पहाटेची की कालची, यावरून दोन बायकांचं वाजलं की तिसरी आईला बोलवून आणायची. आई मासळीवर हात ठेवायची, कल्ले उघडूनसुद्धा बघायची नाही, आणि वेळ सांगायची. मग भांडण संपायचं. मिठाने आणि बर्फाने तिचे हात इतके रापलेले होते की त्यांना काही कळत असेल असं बघणाऱ्याला वाटलंच नसतं.

मी भांडखोर आहे, लहानपणापासून. आईचं म्हणणं खोडून काढायचं म्हणून मी निवट्यांच्या शेपटीला रंगीत दोरे बांधले आणि तिने सांगितलेल्या वेळा वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लागले. लाल दोरा, दुपारपर्यंत. पिवळा, चार. हिरवा, दिवेलागण. मग मीटर कधी शून्यावर येतो ते समोर लिहायचे. तीन आठवडे हे चाललं. ती एकदाच चुकली, तेही पाऊण तासाने. शेवटच्या दिवशी ते पान मी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मला त्याचं कारण देता येत होतं. अंगावरची बुळबुळ, कल्ल्यांची उघडझाप, स्नायूंचा ताठरपणा, चाळीस वर्षांची सवय. तळहात हेही एक यंत्रच आहे. हे सगळं मी सरांना पटवून दिलं आणि त्यांना ते पटलंसुद्धा. फक्त एक गोष्ट मी त्यांना बोलले नाही. निवटी मी सकाळी नऊ वाजता मारायचे. आई सांगायची ती वेळ मेल्यानंतरची असायची.

एकदा मी तिला विचारलं, की हाताला नक्की काय लागतं. तिने हातातला सुरा खाली ठेवला आणि जरा विचार केला. खाली काहीतरी चालू असतं, ती म्हणाली, आणि ते कमी कमी होत जाणार ते कळतं. कसं, ते तिला सांगता येईना. मग मी तिला माझं सांगितलं, डबी, भोक, मिलीव्होल्ट, रिकामं मोजणं आणि वजा करणं. वजा करणं तिला चमत्कारिक वाटलं. जे दिसलं ते दिसलं, ते नाही असं कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात जमीन हलायची. तलासरीपासून डहाणूपर्यंत लोक घराबाहेर अंथरुणं टाकत होते, आणि चहाच्या टपरीवर कालचा धक्का मोठा की परवाचा यावर वाद चालायचे. लॅबमध्ये आधी काचेच्या नळ्या किणकिणायच्या, मग खालून अवजड गाडी गेल्यासारखा आवाज यायचा आणि मीटरवरचा आकडा उसळून परत जागेवर यायचा. एका दुपारी असा धक्का बसला तेव्हा कोपऱ्यातला डबा एकदम शांत झाला. एरवी आत निवट्यांची सतत चुळबुळ ऐकू यायची. मी झाकण उघडलं तर सगळ्या एका बाजूला तोंड करून निश्चल बसल्या होत्या, डोळे वर काढून. मी झाकण लावलं आणि बाहेर जाऊन शिपाईमामांशी उगाचच गप्पा मारत बसले.

बाबांचा दम त्याच हिवाळ्यात वाढला. वापीच्या डॉक्टरांनी फुप्फुसं निकामी होत चालल्याचं सांगितलं आणि घरी प्राणवायूचं मशीन ठेवायला लावलं. त्यांचं खाजणात उतरणं बंद झालं, निवट्या आता शेजारणीचा मुलगा आणून द्यायचा. त्या मशीनला पाण्याची एक बाटली असते. प्राणवायू तिच्यातून बुडबुडत नाकाच्या नळीत जातो. आवाज अगदी माझ्या डबीसारखा. दिवसभर तलासरीला तो ऐकायचा, घोलवडच्या चिकूवाड्यांमधून तासाभराचा एसटीचा प्रवास करायचा आणि घराच्या दारात पुन्हा तोच. कधीकधी दारात पाऊल ठेवताना क्षणभर मला कळायचं नाही, आपण कुठे आलोय.

आई त्यांचं सगळं करत होती. पेज, औषधं, अंग पुसणं, काही कमी नव्हतं. म्हणून मला लक्षात यायला महिना लागला. ती त्यांना हात लावत नव्हती. चहाचा कप त्यांच्या हातात न देता स्टुलावर ठेवायची. गोळ्या झाकणात काढून झाकण पुढे सरकवायची. पाठ पुसताना तिच्या हातावर दुहेरी घडी घातलेला टॉवेल असायचा. त्यांना उठवून बसवायचं असलं की मला हाक मारायची, मी नसले तर शेजारणीला. बाबा एकदा कप घ्यायला हात पुढे करून तसेच थांबले. तिने तो हात बघितला आणि कप स्टुलावर ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला त्या माणसाची आता हिला किळस येते, असंच मला वाटलं. ती अंगणात बांबूच्या मांडवावरचे बोंबील उलटत होती, तिथे जाऊन मी नाही नाही ते बोलले. ते शब्द इथे लिहायची मला आजही लाज वाटते. आई बोंबील उलटत राहिली. ओळ संपली तेव्हा म्हणाली,

‘हात लावला का कलते गो. मना कलून घ्यायचा नाय.’

मी तिथेच मांडवाखाली बसले. थोड्या वेळाने तिने सांगितलं, की पौष लागला तेव्हा एकदा त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि लगेच काढून घेतला होता. किती दिवस उरलेत ते पुरतं कळायच्या आत काढला. तेव्हापासून लावला नाही. मला पेशी आठवल्या. आधी एकमेकींना सोडतात, ते वाक्य. आणि या बाईने हात सोडला होता तो त्यांचा जीव चालू राहावा म्हणून. मला रडू आलं, आणि माझा स्वभाव असा की रडतानाही मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुझ्या हाताने काही होत नाही, तो मासळीपुरता आहे.

घर लहान, खिडकी अंगणावर. बाबांनी सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. एका श्वासात तीन-चार शब्दच यायचे.

‘तिला सांग, हात लाव,’ ते म्हणाले. मग नळीतून हवा घेतली. ‘कलला तर... मना सांगू नको म्हणाव.’

मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा न्यायला आले तर ती खाटेवर त्यांच्या शेजारी बसलेली होती आणि त्यांचा हात तिच्या दोन्ही हातांत होता. टोपली भिंतीशी उपडी होती, म्हणजे ती बाजाराला जाणार नव्हती. डोळे मिटलेले होते, दोघांचेही. बाबांचा चेहरा मी इतका निवांत कित्येक दिवसांत बघितला नव्हता. त्या दिवशीच्या निवट्यांवर तिने हात ठेवलेलाच नव्हता. बाबांनीच डबा जवळ मागितला, मोकळा हात चिखलात घातला, जुन्या सवयीने जरा चाचपडले आणि एक निवटी वर काढली.

‘ही घे,’ म्हणाले. ‘ही टिकंल.’

आई मला दारापर्यंत पोचवायला आली नाही, तिने हात सोडला नाही. खाटेवरूनच म्हणाली, की आज चारच्या आत ये.

मला समजलं होतं. मला काही कळलं नव्हतं असं मी पुढे अनेकांना सांगितलं, पण त्या वाक्याचा अर्थ लावायला मला वहीचं शेवटचं पान उघडून बघायची गरज नव्हती. मी ‘बघते’ म्हटलं आणि बस पकडली.

लॅबमध्ये फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा आमचा नियम, कारण तो जवळ असला की आकडा नाचतो. मी फोन ठेवला. रिकामी डबी मोजली, दोन पूर्णांक एक. बाबांनी दिलेल्या निवटीचं कातडं बसवलं. एकोणीस. दहा वाजता एकोणीस, बाराला एकोणीस, दोनला साडेअठरा. रोध तसूभरही उतरलेला नव्हता. अडीचची बस पकडली असती तर मी चारच्या आत घरी पोचले असते. अडीचला मी घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा मीटरकडे.

कातडं मरेपर्यंत प्रयोग सोडायचा नाही, हा सरांचा दुसरा नियम होता, आणि मी नंतर तोच सगळ्यांना कारण म्हणून सांगितला. खरं वेगळंच होतं. ही निवटी बाबांनी स्वतःच्या हाताने निवडली होती. ती टिकेल असं ते म्हणाले होते. ती चालू आहे तोवर ते चालू आहेत, आणि मी इथून उठले, मीटरवरची नजर काढली, तर दोन्ही थांबतील, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मी, जी आईच्या हाताला नावं ठेवत होते. मी हलायलासुद्धा घाबरत होते. तीन वाजले, चार वाजले. साडेअठरा. पाचला अठरा. मला आनंद होत होता, अगदी उघड आनंद. आई चुकली, असं मी एकदा मोठ्याने म्हटलं. खोलीत बुडबुड्यांशिवाय कुणी नव्हतं.

सहाला सर आले. संध्याकाळी सहाला एवढा आकडा दाखवणारं कातडं त्यांनीही बघितलं नव्हतं. ते खूश होऊन आकडे बघत होते, आणि मी बाहेर जाऊन कपाटातून फोन काढला. शेजारणीचे अकरा मिस्ड कॉल होते. पहिला चार वाजून पाच मिनिटांनी.

बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. घोलवडला कुणीतरी चिकूच्या पाट्या चढवल्या आणि बसभर गोड वास सुटला. शेजारच्या बाईने गुजरातीत विचारलं, बेन, तबियत सारी नथी के? मी बरी आहे म्हटलं. मला तो वास आता सहन होत नाही.

आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, कुठे होतीस. चारला गेले, म्हणाली. हात माझ्या हातात होता. सरांनी नंतर मला वही आणून दिली, तिच्यात त्यांच्या अक्षरात शेवटची नोंद होती: रात्री आठ, सोळा मिलीव्होल्ट, प्रयोग बंद केला. म्हणजे ते कातडं मेलंच नव्हतं. कुणीतरी प्राणवायूची कळ फिरवेपर्यंत ते मीठ उपसत होतं. तो आकडा मी प्रबंधात घेतलेला नाही.

बारावं-तेरावं झालं, माणसं पांगली, मशीन परत गेलं. आई बाजारात जायला लागली आणि आठवड्याभरात घरी बसली. मग मला दिसलं, की ती मला चहा हातात देत नाही. मी ओट्यावर बसले की कप माझ्या बाजूला जमिनीवर ठेवते आणि आत जाते. केसांना तेल लावायला बसले तर बाटली पुढे करते. लहानपणापासून माझा ताप ती कपाळावर हात ठेवून बघायची; त्या दिवसांत मला दोन दिवस ताप होता तेव्हा तिने शेजारणीकडून थर्मामीटर आणला.

आधी मला वाटलं, चारच्या आत आले नाही त्याचा राग. तो असता तर मी सोसला असता. मग एका सकाळी कप खाली ठेवताना तिने माझ्या हातापासून बोटं झटकन मागे घेतली आणि मला बाबांचा कपासाठी पुढे केलेला हात आठवला. बाबांच्या वेळी ती हात का लावत नव्हती, हे मला माहीत होतं. तो प्रश्न माझ्या तोंडाशी यायचा आणि मी चहा प्यायचे. मी हळूच माझी नाडी बघायला लागले. वजन बघायला लागले. डहाणूच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आले, सगळं ठीक निघालं, आणि त्या कागदावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही. दोन महिने मी अशी जगले. दिवसभर दहाव्या भागापर्यंत अचूक मोजणारं यंत्र हाताळायचं आणि घरी आल्यावर आईपुढे हात करायची छाती नाही.

शेवटी एका रविवारी विचारलंच. म्हटलं, माझ्यात काय आहे ते सांगून टाक एकदाचं.

तिला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा ती ओट्यावर माझ्यासमोर बसली, हात पदराखाली घेऊन.

‘तुज्यात काय नाय गो,’ ती म्हणाली. ‘माज्या हातातच ते रायलेत. पापलेटला हात लावला तरी तेच. दाराला लावला तरी तेच. चार वाजता लागला तसाच लागते. मना आता कोणाचाच काय कलत नाय. तुला हात लावला आणि तसाच लागला, तर मी काय करू?’

दोन महिन्यांची भीती एका क्षणात ओसरली, आणि माझ्यातली लेक बाजूला होऊन मास्तरीण पुढे आली. मला याचं उत्तर माहीत होतं! मी तिला घाईघाईने समजावलं, की इलेक्ट्रोडचंही असंच होतं, वापरून वापरून त्यात काहीतरी राहतं, आणि त्याला उपाय आहे. आधी रिकाम्यावर ठेवायचं. जे लागेल ते लक्षात ठेवायचं आणि नंतर सगळ्यातून तेवढं वजा करायचं. हात मग खरं सांगायला लागेल.

आईने ते नीट ऐकून घेतलं. उठली आणि आत गेली. मी तिच्या मागे गेले. बाबांच्या खाटेवरची गादी आम्ही तेराव्यालाच काढली होती, नुसती लाकडी चौकट आणि काथ्याची वीण उरली होती. बंद खिडकीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी तिच्यावर आलेली होती. जिथे त्यांची पाठ असायची तिथे आईने तळहात टेकवला, बाजारात टेकवायची तसाच. ती इतका वेळ तशी उभी राहिली की मला बुडबुडे ऐकू यायला लागले. मशीन जाऊन दोन महिने झाले होते.

‘खाट रिकामी नाय,’ आई म्हणाली.

सर असते तर म्हणाले असते, रिकामं कधीच शून्य नसतं, लिहून घे आणि पुढे चल. मीही काथ्यावर हात ठेवला, तिच्या हाताशेजारी. मला खरखरीत काथ्या लागला आणि दुसरं काही नाही. मी हात काढून घ्यायला हवा होता, पण तो मी तसाच ठेवला.

‘तुज्या डबीत ते वजा करतात ना?’ तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

‘मना नाय करायचा.’

तिने तळहात खाटेवरून उचलला आणि तो तसाच, पदराला न पुसता, माझ्या मनगटावर ठेवला. दोन महिन्यांनी. हात गरम होता आणि मिठाने चरचरीत, आणि तिने डोळे मिटून घेतले. बराच वेळ आम्ही त्या खाटेशी उभ्या होतो. तिला काय लागलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.